भोंगा वाजला होता

माझ्या हातून एक कायदा झाला आहे. तो आता कुठल्या कपाटात असेल, की उंदरांनी खाल्ला असेल, मला ठाऊक नाही. पण पळणाऱ्या गाडीचा पाठलाग पोलिसांच्या मोटारीनं कसा करावा, कुठं करावा आणि मुख्य म्हणजे कुठं करू नये, हे आमच्या बाजूला पहिल्यांदा कागदावर आलं ते माझ्या तोंडून. ते सांगून झालं आणि पुढच्याच कागदावर मला नोकरीवरून काढलं. क्रम तसा बरोबर होता. आधी काढलं असतं तर मी काहीच सांगितलं नसतं.

मी पोलिसांच्या मोटारीचा ड्रायव्हर होतो. वडील नळदुर्गात टांगा हाकायचे. घरात दखनी, सडकेवर मराठी आणि कचेरीत उर्दू, अशा तीन भाषांत मी लहानपणापासून शिव्या खाल्ल्या होत्या, त्यामुळं तिन्ही चांगल्या येत. नळदुर्गाहून सोलापूरकडं निघालं की सडकेला लागून आमचं ठाणं होतं. ठाण्यापुढं एक गाव, गावापुढं चढ, चढावर एक कडुलिंब, आणि कडुलिंबापासून थोड्या अंतरावर निजामाची हद्द संपून इंग्रजी हद्द सुरू व्हायची. हद्दीपलीकडं आम्हाला काडीचा अधिकार नव्हता. माझी सगळी गोष्ट या चार-पाच मैलांतलीच आहे.

महायुद्धाचे दिवस होते. मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या मुलखातली ज्वारी इंग्रजी हद्दीत न्यायला बंदी होती, म्हणून ती जात होती. एक लॉरी होती, आठवड्यातून एक-दोनदा दुपारच्या सुमारास यायची. वर सरकीची पोती, खाली ज्वारीची. पेट्रोल मिळत नसल्यामुळं ती कोळशावर चालायची. मागच्या बाजूला एक उभी लोखंडी भट्टी, तिच्यात लाकडी कोळसा, आणि त्याच्या धुरावर इंजीन. लोक त्या लॉरीलाच शेगडी म्हणायचे. आठ-दहा मैल गेलं की शेगडी थांबवून राख हलवावी लागे, नाही तर चढावर ती दमेकऱ्यासारखी धापा टाकायची.

आमच्या मोटारीला पेट्रोल होतं, कारण ती सरकारची होती. सपाटीवर ती चाळीस मैलांनी पळायची, अमीनसाहेब आत नसले तर पंचेचाळीस. अमीन म्हणजे आमच्या ठाण्याचा फौजदार. माणूस जाडजूड, घामाघूम, मनानं वाईट नाही. फक्त त्यांना पळायची आवड होती, आणि स्वतःला पळता येत नसल्यामुळं ती आवड माझ्याकडून भागवून घ्यायचे.

पेट्रोलच्या मोटारीला कोळशाची लॉरी सापडत नव्हती, हे वाचून कोणी हसेल. हसा. सडक एका गाडीपुरती होती आणि लॉरी मधोमध चालायची. तिला मागून गाठणं सोपं होतं, ओलांडणं अशक्य. दोन्ही बाजूंना बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल. मग आम्ही तिच्या मागं धूळ खात हद्दीपर्यंत जायचो, पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जावं तसं. हद्द ओलांडली की लॉरीचा ड्रायव्हर बाहेर हात काढून हलवायचा. अमीनसाहेब परत येऊन लिहायचे, पाठलाग केला. वर दर महिन्याला पाठलाग किती झाले ते कळवावं लागे. किती सापडले, हा रकाना वेगळा होता आणि त्याच्याबद्दल कोणी विचारत नसे.

मला हे सगळं फार आवडायचं. खोटं कशाला सांगू, तेव्हा सांगितलं तेवढं पुरे झालं. बावीस-तेवीसचं वय, हातात सरकारी चाक, गावातल्या बाया लेकरांना ओढून बाजूला होताहेत, कोंबड्या उडताहेत. मी कोणीतरी आहे असं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी घरी गेलो की वडिलांना सांगायचो, आज इतकं पळवलं. ते घोड्याला खरारा करत ऐकायचे. एकदा म्हणाले, "आगे का घोडा पीछे की टापां सुनके भागता, बेटा. पीछे वाला रुका तो आगे वाला बी घास खाता."

मी हसलो. टांगेवाल्याला मोटारीतलं काय कळणार?

आता त्या गावच्या सडकेबद्दल सांगायला हवं. आमच्या बाजूला रस्त्यावर मळणी करतात. हुलगा उपटून आणायचा, घट्ट सडकेवर पसरायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी तो फुकट मळून द्यायचा. बैल नकोत, खळं सारवायला नको. सडक सरकारची असली तरी त्या गावानं ती आपसांत वाटून घेतली होती. या दगडापासून त्या बाभळीपर्यंत अमक्याची, पुढं तमक्याची. बापाकडून लेकाला जायची. त्यावरून भांडणं व्हायची, डोकी फुटायची, आणि ज्याची सडक होती त्या सरकारला पत्ता नसायचा.

गावच्या टोकाला तीस पावलांचा एक तुकडा एका विधवा बाईचा होता. मी तिला मावशी म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, काटक, तोंडानं फटकळ. तिला जमीन नव्हती. होती ती ही तीस पावलं. लोक आपला हुलगा तिच्या तुकड्यावर आणून टाकत, ती मळून, उपणून देई आणि पायलीला ठरलेला वाटा घेई. तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं. तुकडा चांगला होता, कारण तिथं सडक थोडी उताराची होती आणि गाड्या जोरात यायच्या. जोरात आलेलं चाक दाणा चांगला सोडवतं, असं तिचं म्हणणं होतं. मी मोटार घेऊन गेलो की ती मागून ओरडायची, "आसाच ये रोज!"

या कामाची एक रीत होती. गाडी गेली की लगेच दाताळं घेऊन आत शिरायचं आणि चेपलेला हुलगा उलटायचा. उशीर केला तर दाणे भुसकटाखाली दबतात. म्हणून गाडीची धूळ खाली बसायच्या आत बाया सडकेवर असायच्या. वर्षानुवर्षं हे ठीक चाललं होतं, कारण त्या सडकेवर एका गाडीमागून दुसरी गाडी यायला निदान तासभर लागायचा. गाडीमागं गाडी लागूनच येईल, हे त्या गावाला कोणी शिकवलं नव्हतं. ते आम्ही शिकवलं.

त्यातही निदान भोंगा होता. मोटारीच्या बाजूला पितळी कर्णा आणि त्याला रबराचा फुगा. तो दाबला की बदकासारखा आवाज निघायचा आणि लोक बाजूला व्हायचे. पण एक दिवस अमीनसाहेबांच्या डोक्यात आलं की आपला भोंगा ऐकूनच लॉरीवाला सावध होतो. त्यांनी स्वतःच्या हातानं तो रबराचा फुगा काढला, रुमालात गुंडाळला आणि ठाण्यातल्या आपल्या खणात ठेवून कुलूप घातलं.

मी म्हणालो, "साहेब, आणि लोकांचं काय?"

ते म्हणाले, "लोगां को आंखां हैं."

बरोबर होतं. लोकांना डोळे होते. पण सडकेवर धूळही होती, त्याचा हिशोब त्यांनी धरला नाही. मीही धरला नाही. मी मोठा ड्रायव्हर होतो.

त्या दुपारी लॉरी ठाण्यावरून गेली आणि आम्ही तिच्या मागं निघालो. गावात शिरताना लॉरीच्या आणि आमच्या मध्ये शंभरेक पावलांचं अंतर असेल. पुढं नुसती पिवळी भिंत दिसत होती. मी वेग कमी करायला पाय उचलला तर अमीनसाहेब म्हणाले, "चलाव!" मी चालवली. लॉरी मावशीच्या तुकड्यावरून गेली. मावशी रीतीप्रमाणं दाताळं घेऊन आत शिरली. तिची पाठ आमच्याकडं होती. लॉरीचं धडधडणं अजून कानात, पायाखाली हुलग्याचा कडकडाट. मला ती दिसली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठसुद्धा दिसला, इतक्या जवळून. मी चाक वळवलं. हुलग्यावरून मोटार घसरली आणि डाव्या बाजूचा पत्रा तिला लागला. फार मोठा आवाज झाला नाही.

"रुको मत," अमीनसाहेब म्हणाले.

मी थांबलो नाही. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली, म्हणून एवढंच लिहून पुढं जातो. आम्ही हद्दीपर्यंत गेलो. लॉरीवाल्यानं हात हलवला.

परत आलो तेव्हा तिला शेजारच्या ओसरीवर बाजेवर निजवलं होतं. डावी मांडी मोडली होती. गावातला हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत होता. ती विव्हळत नव्हती, शिव्या देत होती. मला नव्हे, हुलग्याला. तो तसाच सडकेवर पडला होता आणि वारा सुटला होता. अमीनसाहेबांनी तिला विचारलं, सडकेवर का गेली होती. ती म्हणाली, "मंग कुठं जाऊ? माजी हाय ती."

बाई मेली नाही म्हणून चौकशी झाली. मेली असती तर कदाचित झालीही नसती. धाराशिवहून मोहतमीमसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मोठे पोलीस अधिकारी, दौऱ्यावर आले. सडपातळ, चष्म्याचे, हळू बोलणारे. तोवर भोंग्याचा फुगा खणातून निघून पितळी कर्ण्यावर परत बसला होता. साहेबांनी मला तो दाबायला सांगितला. मी दाबला. चांगला वाजला.

"त्या दिवशी वाजवला होता?"

अमीनसाहेब माझ्याकडं बघत नव्हते. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता. त्यांच्या घरी पाच मुली होत्या. माझ्या घरी म्हातारा घोडा आणि म्हातारे वडील. मी हलफ घेतली होती, म्हणजे शपथ.

"जी," मी म्हणालो. "वाजला होता."

साहेबांनी थोडा विचार केला. भोंगा वाजला आणि बाई बाजूला झाली नाही. तर मग बाईला ऐकू येत नसणार. त्यांनी तसं लिहिलं. यात त्यांची चूक काय? माझ्या वाक्यापुढं दुसरं काही निघत नव्हतं. महिन्याभरात हुकूम आला आणि चावडीवर चिकटला. बहिऱ्या माणसांनी आणि गुराढोरांनी सडकेपासून वीस पावलं दूर राहावं. खाली मावशीचं नाव होतं, गावातली नोंदलेली एकमेव बहिरी म्हणून. ती अजून बाजेवरच होती.

तिचा तुकडा तिच्या दिरानं घेतला. सरकारचाच हुकूम आहे, तो म्हणाला, मी काय करू. आणि एक चमत्कार झाला. कागदावर बहिरी झाल्यावर गाव तिच्याशी ओरडून बोलू लागलं. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. जिला वीस वर्षं लोक दारातून हळूच हाक मारत, तिच्या कानाशी तोंड नेऊन ते पाणी हवं का विचारायचे. ती म्हणायची, "मला ऐकू येतंय की रं मुडद्यांनो." आणि लोक एकमेकांकडं बघून माना हलवायचे. सगळ्याच बहिऱ्यांना असं वाटतं, असं कोणीतरी म्हणालं.

आम्ही पाठलाग चालूच ठेवले होते. आता तर अधिक जोरात, कारण हुकमामुळं गुरं सडकेवरून हटली होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर ती काठी घेऊन चालू लागली. मांडी वाकडी जुळली होती. हुकमाप्रमाणं वीस पावलं दूर, चारीच्या पलीकडं एका दगडावर ती बसायची आणि आपल्या तुकड्याकडं बघायची. एक दिवस मोटारीचं चाक बसलं म्हणून मी तिथंच थांबलो होतो. ती काठी टेकत आली. मला वाटलं आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ड्रायव्हर," ती म्हणाली, "एक इचारू का? रागवू नको."

"विचारा मावशी."

"त्यो भोंगा खरंच वाजला व्हता का रं? म्या तर ऐकला न्हाय. पर समदे म्हणत्यात वाजला. तू शपथ घिऊन सांगितलंस म्हणं. मंग ऐकू येत नसंल मला. म्हातारपण लई वंगाळ, माणसाला कळत बी न्हाय कवा काय गेलं ते."

मी चाकाशी वाकलेला होतो. वर बघायची गरज नव्हती, म्हणून बघितलं नाही.

"वाजला होता, मावशी," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापर्यंत माझं खोटं एका कागदावर होतं. आता ते तिच्या डोक्यात गेलं. ती स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायचं सोडून माझ्यावर ठेवू लागली. कोणी बोललं की तोंडाकडं बघायची, नीट ऐकू येत असून पुन्हा विचारायची. मला जेवण जाईना. वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. घोड्याच्या मानेवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "जानवर बी पहचानता, कौन झूठा हाकता."

मोहतमीमसाहेब पुन्हा दौऱ्यावर आले तेव्हा मावशी चावडीवर आली. मांडीची तक्रार तिनं केली नाही. मोटारीचीही नाही. तिला फक्त तीस पावलं परत हवी होती. "म्या बहिरी असंन बी," ती म्हणाली, "पर बहिऱ्यानं खावं काय, त्ये कागदात लिव्हलं न्हाय."

साहेब उठून तिच्या मागं गेले. माणूस खरंच हुशार होता. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, अंगठ्यानं झाकण उघडलं आणि अगदी हळू मिटलं. मी चार हातांवर होतो, मलाही आवाज जेमतेम आला.

मावशी मान न वळवता म्हणाली, "साहेब, डबी बंद केली व्हय?"

साहेबांनी तिला बाहेर सावलीत बसायला सांगितलं. मग आपल्या जागी येऊन बसले, चष्मा पुसला आणि माझ्याकडं बघितलं. अमीनसाहेब खिडकीकडं वळले. ते नेहमी खिडकीकडं वळायचे.

"हिला ऐकू येतं," साहेब म्हणाले. "आणि भोंगा वाजला होता. मग ती बाजूला का झाली नाही?"

मला वाटलं होतं अशा वेळी माणसाचं काळीज धडधडतं. तसं काही झालं नाही. उलट हलकं वाटलं. "भोंगा वाजला नाही साहेब," मी म्हणालो. "फुगा नव्हताच. खणात होता, कुलपात. मी खोटं बोललो."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी दुसरा कागद घेतला आणि विचारलं, की हे पाठलाग तू इतके दिवस करतोस, तर लॉरी सापडत का नाही. आजवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी सांगू लागलो. लॉरी आम्ही मागं लागतो म्हणून पळते. आम्ही ज्या दिवशी नसतो त्या दिवशी ती बैलगाडीच्या चालीनं जाते, हे गावातली पोरंसोरंही सांगतील. चढावर शेगडीची राख हलवावीच लागते. मागं कोणी नसलं तर ती कडुलिंबाखाली थांबते, ड्रायव्हर चहा करून पितो. आम्ही मागं असलो की तो राख न हलवता धापा टाकत हद्द गाठतो. म्हणजे आम्ही तिला पकडायला जातो आणि हद्दीपर्यंत ढकलून येतो. वडिलांचं घोड्याचं वाक्यही सांगितलं. साहेबांनी तेही लिहून घेतलं, पण कायद्यात घातलं नाही.

असा कायदा झाला. गावाच्या शिवेवर पाठलाग सोडायचा. गावात बैलाच्या चालीनं जायचं आणि भोंगा वाजवत जायचं. भोंगा मोटारीवरून काढायचा नाही, अमीनानंसुद्धा. कोणाला लागलं तर थांबायचं, मग पुढं कोणीही पळत असो. आणि लॉरी धरायची ती चढावर, आधी जाऊन बसून. मला तो वाचून दाखवला. मी म्हणालो, ठीक आहे. मग साहेबांनी तिसरा कागद घेतला आणि शपथेवर खोटं बोलल्याबद्दल मला बडतर्फ केलं. अमीनसाहेबांना ताकीद मिळाली. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "तेरा नसीब," आणि पानाचा डबा पुढं केला. मी पान घेतलं. मावशी सावलीत बसली होती. तिला शिपायानं तुकडा परत मिळाला एवढंच सांगितलं. ती लगबगीनं दिराच्या घराकडं निघाली, भांडायला. मी तिच्यापुढं जाऊन काही बोललो नाही. साहेबाला सांगितलं ना, असं मनाशी म्हणालो.

ड्रायव्हरला त्या काळात दोनच मालक असत, सरकार नाही तर लॉरीवाला. सरकारनं काढलं, म्हणून मी शेगडीवर लागलो. हो, त्याच शेगडीवर. तिचा आधीचा ड्रायव्हर, तो हात हलवणारा, कोळशाच्या धुरानं आजारी पडला होता. सरकीखाली काय असतं ते मी विचारत नसे. मागं कोणी लागत नव्हतं. गावातून हळू, भोंगा वाजवत जायचो. तिसऱ्या का चौथ्या खेपेला चढावर राख हलवायला थांबलो तर कडुलिंबाखाली अमीनसाहेब सतरंजी टाकून बसले होते. घाम नाही, धाप नाही. बरोबर दोन जवान आणि एक कलिंगड.

"आ," ते म्हणाले. "तेरा ही कानून है."

मी सापडलो. त्या वर्षातली ती पहिली लॉरी. अमीनसाहेबांची वर वाहवा झाली. मला त्यांनी कलिंगडाची फोड दिली आणि रात्रभर ठाण्यात बसवून सोडून दिलं. मालकाची ज्वारी गेली. त्यानंतर शेगडीत खरंच वरपासून खालपर्यंत सरकी असायची.

त्या गावातून पुढं मी कित्येक वर्षं गेलो. तुकड्याच्या अलीकडं भोंगा दाबायचो. मावशी दाताळं टेकत बाजूला व्हायची, हात वर करायची आणि ठणकावून म्हणायची, "ऐकलं!" मला ऐकवायला नव्हे, गावाला ऐकवायला. दर खेपेला तिला ते सिद्ध करायचं असायचं. एकदा लॉरी थांबवून खाली उतरावं आणि सांगावं, की मावशी, त्या चाकापाशी मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो, असं प्रत्येक खेपेला वाटायचं. पण मागं माल असायचा, पुढं चढ असायचा. माणसाला न थांबायला कारण सापडतंच.

मग निजामी गेली. हद्द गेली, ठाणं गेलं, अमीनसाहेब कुठं गेले कळलं नाही. पेट्रोल आलं, शेगडी भंगारात गेली आणि सडकेवर एकामागं एक गाड्या धावू लागल्या. गावच्या शिवेवर कोणी वेग कमी करत नव्हतं. कायदा निजामाचा होता, निजामाबरोबर संपला असावा.

एका हुलग्याच्या दिवसांत मी नव्या लॉरीतून आलो. भोंगा दाबला. मावशी पाठ करून हुलगा उलटत होती. ती हलली नाही. पुन्हा दाबला, चारदा दाबला. मी लॉरी सडकेवरच उभी केली, उतरलो आणि तिच्यामागं जाऊन उभा राहिलो. "मावशी," म्हणालो. मग मोठ्यानं म्हणालो. ती दाणे गोळा करत राहिली. आता ती खरोखर बहिरी झाली होती, आणि कुठल्याही चावडीवर तसा कागद नव्हता.

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकून वळली. मला ओळखून हसली. दात राहिले नव्हते.

"मावशी," मी म्हणालो, "तो भोंगा वाजला नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमचे कान चांगले होते." सडकेवर मागं दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि त्यांचे भोंगे बोंबलत होते. मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं, शब्द न् शब्द.

ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग तिनं माझ्या लॉरीकडं बघितलं. मी भोंगा वाजवला असणार, असा तिनं हिशोब केला. तिनं हात वर केला आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं!"

आणि दाताळं टेकत, मला वाट देऊन, ती बाजूला झाली.